नळ मोजायचा की पाणी? सर्वेक्षणाचे रकाने समजून घेऊ या

शेजारची ताई ऐकत नसेल तर तिलाही हाक मारा. आजचा विषय चारचौघींनी मिळून ऐकण्यासारखा आहे.

विषय आहे संख्याशास्त्रातला. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. तुम्ही दर महिन्याला गटाची वही लिहिता, कोणाची बचत आली, कोणाचा हप्ता राहिला ते मांडता, तेव्हा तुम्ही संख्याशास्त्राचंच काम करत असता. फक्त त्यातल्या काही गोष्टींना पुस्तकात नावं आहेत, ती आज आपण समजून घेऊ.

कारणही तसंच आहे. आपल्या दारात सर्वेक्षणवाले नेहमी येतात. आशाताई येतात, अंगणवाडीताई येतात, जनावरांची मोजणी होते, माणसांची जनगणना होते. आपण उत्तरं देतो आणि कागद निघून जातो. आता मात्र बऱ्याच ग्रामसंघांनी ठरवलंय की ग्रामसभेआधी पाण्याचं सर्वेक्षण आपणच करायचं आणि महिला सभेत मांडायचं. फार चांगलं ठरवलंय. पण प्रश्नावली करायला बसलं की पहिली अडचण येते, रकाने कोणते आखायचे? आणि मैत्रिणींनो, रकाना चुकला तर घरोघर फिरून केलेली मेहनत वाया जाते. एवढंच नाही, तर आपलाच कागद आपल्या विरुद्ध बोलायला लागतो. कसं, ते पुढे सांगते.

आधी वही डोळ्यांपुढे आणा. आडव्या ओळी आणि उभे रकाने. एका ओळीत एक घर. पहिल्या रकान्यात घरातल्या माणसांची संख्या, दुसऱ्यात पाणी कुठून आणता, तिसऱ्यात रोजच्या खेपा. आता एक रकाना वरून खाली वाचत जा. एका घरी चार माणसं, दुसऱ्या घरी सात, तिसऱ्या घरी दोन. घर बदललं की उत्तर बदलतं. जी गोष्ट अशी बदलते तिला संख्याशास्त्रात ‘चल’ म्हणतात. माणसांची संख्या हा एक चल, पाण्याची जागा हा दुसरा चल, खेपा हा तिसरा. आणि सगळ्या ओळी, सगळे रकाने मिळून जी माहिती जमते, तिला कोणी सामग्री म्हणतं, कोणी डेटा म्हणतं.

जे बदलत नाही त्याला ‘स्थिर’ म्हणायचं. समजा तुमच्या गटात सगळ्यांची मासिक बचत १०० रुपये आहे. मग गटापुरता तो रकाना स्थिर. तो भरत बसलात तर प्रत्येक ओळीत १००, १००, १००. त्यातून नवीन काहीच कळत नाही. पण तुम्ही गावातले सगळे गट एकत्र पाहिलेत, कोणाची बचत ५०, कोणाची १००, कोणाची २००, तर तीच बचत चल झाली. म्हणजे एखादी गोष्ट चल आहे की स्थिर, हे आपण कोणाकोणाची तुलना करतोय त्यावर ठरतं. प्रश्नावलीत रकाना टाकण्याआधी विचारा, की आपल्या वस्तीत या प्रश्नाचं उत्तर घरागणिक बदलणार आहे का? बदलणार नसेल तर तो एकदाच वर लिहा, घरोघर विचारू नका. लोकांचा वेळ वाचेल आणि आपलाही.

आता चलांचे प्रकार. मोठी घराणी दोन. एक गुणात्मक, म्हणजे ज्याचं उत्तर नाव किंवा वर्णन असतं. दुसरं संख्यात्मक, म्हणजे ज्याचं उत्तर मोजून येतं. पाणी कुठून आणता? विहीर, हातपंप, नळ, टँकर. हे गुणात्मक. किती लिटर आणता? हे संख्यात्मक.

सोपं वाटतं ना? पण इथे एक फसवाफसवी आहे. कागदावर आकडा दिसला म्हणजे तो संख्यात्मक असतोच असं नाही. तुमचा मोबाईल नंबर आकड्यांचा आहे, रेशनकार्डाचा नंबर, घर नंबर, पिनकोड आकड्यांचाच आहे. पण दोन बायकांच्या मोबाईल नंबरची बेरीज करून काय मिळणार? ते नुसतं नाव आहे, आकड्यांच्या वेषातलं. म्हणून एक कसोटी लक्षात ठेवा: बेरीज करून पाहा, आणि त्या बेरजेला काही अर्थ लागतो का ते विचारा.

ही कसोटी का हवी? कारण सर्वेक्षणाच्या कागदावर सोयीसाठी आपण नावांना आकडे देतो. विहिरीला १, हातपंपाला २, नळाला ३, टँकरला ४. मग कोणीतरी हुशारीनं त्या रकान्याची सरासरी काढतं. समजा अर्धं गाव विहिरीवर जातं आणि अर्धं नळावर. एक आणि तीन यांची सरासरी आली दोन. दोन म्हणजे हातपंप! आणि हातपंपावर तर गावातलं कोणीच जात नाही. असा हिशेब मोबाईल करून देतो, कॉम्प्युटर करून देतो. त्याला आकडा दिसला की तो बेरीज करतो. अर्थ लावण्याचं काम आपलं.

आता या दोन घराण्यांच्या आणखी दोन-दोन फांद्या पाहू.

पहिली फांदी नुसत्या नावांची. विहीर, हातपंप, नळ, टँकर. यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. यात फक्त मोजदाद करता येते, की किती घरं विहिरीवर, किती टँकरवर. आणि सर्वांत जास्त घरं कशावर आहेत ते सांगता येतं. त्याला शाळेच्या पुस्तकात बहुलक म्हणतात.

या फांदीतला रकाना करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. प्रत्येक घराला कोणत्या तरी चौकटीत जागा मिळाली पाहिजे, आणि एकच घर दोन चौकटींत घुसता कामा नये. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चौकट नसली की माणूसच कागदावरून नाहीसा होतो. ‘विवाहित’ आणि ‘अविवाहित’ एवढ्या दोनच चौकटी असल्या, तर विधवा ताईनं कुठे बसायचं? नवऱ्यानं टाकलेल्या ताईनं कुठे? ती विवाहितमध्ये लिहिली जाते, आणि मग गावात एकट्या बाया किती हे विचारलं की कागद सांगतो, एकही नाही. ज्या योजना तिच्यासाठी आहेत त्यांच्या यादीत तिचं नाव येणार कुठून? म्हणून चौकटी आखताना आधी डोळ्यांपुढून सगळी वस्ती फिरवा. कोण बाहेर राहतंय का ते बघा. शेवटी ‘इतर’ अशी चौकट ठेवा आणि पुढे लिहायला जागा सोडा. ‘इतर’मध्ये फार घरं जमली, तर समजा की आपली एक चौकट विसरली आहे.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक. दिवाळीत जे घर नळावर असतं ते मे महिन्यात टँकरवर असतं. म्हणून ‘पाणी कुठून आणता’ एवढंच विचारलं तर प्रत्येकजण आपापल्या मनातला महिना धरून उत्तर देईल. प्रश्नात महिना घाला. ‘मागच्या मे महिन्यात पिण्याचं पाणी मुख्यतः कुठून आणलं?’ असा प्रश्न झाला की सगळ्यांची उत्तरं एका पातळीवर येतात.

दुसरी फांदी क्रमाची. पाणी पुरतं का? पुरतं, जेमतेम पुरतं, पुरत नाही. ही नावंच आहेत, पण यांना चढउतार आहे. शाळेतल्या श्रेणी, अ, ब, क, याच जातीच्या. यात क्रम पक्का असतो, अंतर पक्कं नसतं. ‘पुरतं’ आणि ‘जेमतेम’ यांच्यात किती हंड्यांचा फरक, आणि ‘जेमतेम’ आणि ‘पुरत नाही’ यांच्यात किती, हे कोणी सांगू शकत नाही. एका घरचं ‘जेमतेम’ दुसऱ्या घरी चैन वाटेल.

याचं फार चांगलं उदाहरण अंगणवाडीत आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी तुम्ही पाहिली असेल. घेर १२.५ सेंटीमीटर किंवा जास्त असला तर हिरवा रंग. ११.५ पासून १२.५ च्या आत असला तर पिवळा. ११.५ पेक्षा कमी असला तर लाल, म्हणजे बाळ तीव्र कुपोषित, लगेच उपचाराला न्यायचं. पट्टीवर सेंटीमीटरही असतात आणि रंगही असतात. सेंटीमीटर हा संख्यात्मक चल, रंग हा क्रमाचा चल. रंग एका नजरेत कळतो, म्हणून तो उपयोगाचा. पण समजा एका बाळाचा घेर १२.४ आहे आणि दुसऱ्याचा ११.६. दोघंही पिवळ्यातच. पहिलं हिरव्याच्या उंबऱ्यावर उभं आहे, दुसरं लालच्या. वहीत नुसतं ‘पिवळा’ लिहिलं तर दोन्ही बाळं सारखी दिसतील. सेंटीमीटर लिहिले तर कोणत्या आईला आधी भेटायला जायचं ते कळेल.

यातून एक नियम काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आकडा लिहिला असेल तर त्याचा रंग केव्हाही काढता येतो. नुसता रंग लिहिला असेल तर आकडा परत मिळत नाही. म्हणून जमेल तिथे आधी आकडा लिहा, गट नंतर पाडा. वय विचारायचं तर ‘१८ ते ३५’ अशा चौकटीवर खूण करण्यापेक्षा पुरं वय लिहा. उद्या योजनेची वयोमर्यादा बदलली तरी वही कामाला येईल.

आता संख्यात्मक घराण्याच्या दोन फांद्या. एकीत गोष्टी मोजतात, म्हणजे एक, दोन, तीन अशा गणतात. दुसरीत मापतात.

गणायच्या गोष्टी कोणत्या? खेपा, माणसं, शेळ्या, हप्ते. तीन शेळ्या असतात, चार असतात, साडेतीन शेळ्या कोणाच्या गोठ्यात नसतात. यांना खंडित चल म्हणतात. आता कोणी विचारेल, ‘मग ताई, कागदावर सरासरी ४.६ माणसं कशी येतात?’ सरासरी तशी येऊ शकते, कारण सरासरी हे कोणाचं घर नाही, ते सगळ्या घरांचं वाटून काढलेलं माप आहे. पण एका घराच्या ओळीत ४.६ लिहिलेलं दिसलं, तर ती चूक आहे हे लगेच ओळखा.

मापायच्या गोष्टी म्हणजे लिटर, वेळ, वजन, अंतर. दोन लिटर आणि तीन लिटर यांच्यामध्ये सव्वादोन आहे, अडीच आहे, पावणेतीन आहे, आणि त्यांच्याही मध्ये अजून आहे. यांना संतत किंवा अखंड चल म्हणतात. दूध डेअरीत फॅट ३.८ आली की ४.१ आली, यावर तुमचा दर ठरतो. तिथे कोणी ‘बऱ्यापैकी दाट’ असं लिहिलं तर आपण ऐकून घेऊ का? नाही ना! मग पाण्याच्या बाबतीत ‘लई लांब आहे’, ‘लई वेळ जातो’ एवढ्यावर का थांबायचं?

मापाच्या बाबतीत साधन महत्त्वाचं. आपण हंड्यानं हिशेब करतो. पण एकीचा हंडा १० लिटरचा, दुसरीचा १५ लिटरचा. दोघी म्हणाल्या ८ हंडे. एकीकडे ८० लिटर झालं, दुसरीकडे १२०. कागदावर दोन्ही सारखं. म्हणून सर्वेक्षणाला जाताना एक लिटरची बाटली बरोबर न्या. त्या घरचा हंडा एकदा बाटलीनं भरून मापा, आणि हंडे व लिटर दोन्ही लिहा. वेळेचंही तसंच. ‘अंदाजे किती वेळ?’ असं विचारू नका. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, तीन दिवस आई निघाली तेव्हाची आणि परतली तेव्हाची वेळ पाटीवर लिहून ठेव.

माप घेण्याच्या पद्धतीवर केवढं अवलंबून असतं, याची आठवण करून देणारं एक मोठं मराठी नाव आहे, डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले हे जगप्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ. शेतात पीक कापणी प्रयोग होतात ते तुम्ही पाहिले असतील. शेताचा एक तुकडा आखून तेवढंच पीक कापतात, मळतात, तोलतात आणि त्यावरून उत्पादन काढतात. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. तुकडा लहान असला की कडेवरची रोपं आत धरली जाण्याचा दोष मोठा ठरतो. तराजू नीट, माणूस प्रामाणिक, तरी आकडा चुकीचा. आपल्या हंड्याची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

संख्यात्मक चलांत आणखी एक बारीक भेद आहे. लिटरमध्ये शून्य म्हणजे पाणीच नाही. म्हणून ४० लिटर हे २० लिटरच्या दुप्पट, असं छातीठोक म्हणता येतं. पण सकाळी २० अंश तापमान होतं आणि दुपारी ४० अंश झालं, तर ऊन दुप्पट झालं असं म्हणता येत नाही. शून्य अंशाला उष्णता संपत नाही, तो फक्त पाणी गोठण्याचा बिंदू. नावं, क्रम, अंतर आणि खरा शून्य असलेलं माप, अशा या चार पायऱ्या अमेरिकेतल्या एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४६ साली मांडल्या. पायरी जितकी वरची, तितके जास्त हिशेब करता येतात.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. रकाना चुकला तर आपलाच कागद आपल्या विरुद्ध कसा बोलतो?

समजा एक वस्ती आहे, दहा घरांची. हिशेब सोपा जावा म्हणून प्रत्येक घरात पाच माणसं धरू. तुम्ही विचारलं, ‘घरी नळ आहे का?’ आठ घरांनी हो म्हटलं, दोघांनी नाही. कागद तयार झाला: ८० टक्के घरांत नळ. हा कागद घेऊन तुम्ही ग्रामसभेत उभ्या राहिलात, तर समोरून उत्तर येईल, ‘अहो ताई, तुमचंच सर्वेक्षण सांगतंय की ८० टक्के काम झालंय, मग तक्रार कसली?’

आता त्याच वस्तीत दुसरा रकाना आखू. मे महिन्यात माणशी रोज किती लिटर पाणी मिळालं? समजा उत्तरं आली: ११०, ९५, ६०, २५, २२, २०, १८, १५, १५ आणि १० लिटर. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं, त्यात ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी हे माप धरलं आहे. आपल्या दहा घरांपैकी ५५ पर्यंत पोचलेली घरं किती? फक्त तीन. सात घरं निम्म्याच्याही खाली आहेत. नळ आठ घरांत आहे आणि पुरेसं पाणी तीन घरांत. वस्ती तीच आहे, दिवस तोच आहे. ‘हो-नाही’चा रकाना नळ मोजत होता, लिटरचा रकाना पाणी मोजतो.

आता याची सरासरी काढा. सगळ्यांची बेरीज ३९०, भागिले दहा, म्हणजे ३९ लिटर. कोणी म्हणेल, ‘३९ म्हणजे फार वाईट नाही.’ पण ३९ लिटर मिळणारं घर त्या यादीत एकही नाही. वरची तीन घरं विहीर-मोटारवाली, त्यांनी सरासरी ओढून वर नेली. अशा वेळी आणखी एक युक्ती करायची. दहा जणींना ओळीत उभं करा, सगळ्यात कमी पाणीवाली डावीकडे, सगळ्यात जास्तवाली उजवीकडे. मधोमध कोण उभं आहे ते पाहा. मधल्या दोघी आहेत २० आणि २२ लिटरवाल्या, म्हणजे मध्य झाला २१. याला मध्यक म्हणतात. मध्यक सांगतो की वस्तीतल्या अर्ध्या घरांना माणशी २१ लिटरपेक्षाही कमी पाणी मिळतं. ही ओळ गटाच्या बैठकीत खरोखर करून पाहा. आकडे न येणाऱ्या आजीलाही ते एका क्षणात कळतं.

आता वेळेचा रकाना. समजा दोन बायका आहेत, दोघींचे रोज तीन-तीन तास पाण्यात जातात. पहिली सहा खेपा करते, प्रत्येक खेपेला चालण्यात २५ मिनिटं, म्हणजे १५० मिनिटं चालणं आणि ३० मिनिटं रांग. दुसरीचा हातपंप जवळ आहे, सहा खेपांना मिळून ३० मिनिटं चालणं, पण १५० मिनिटं रांगेत उभं राहणं. दोघींची बेरीज १८० मिनिटं. ‘एकूण वेळ’ असा एकच रकाना केलात तर दोघींचं दुखणं एकच वाटेल. पण उपाय वेगळे आहेत. पहिलीच्या वस्तीजवळ पाणी यायला हवं. दुसरीला दुसरा हातपंप किंवा जास्त तोट्या हव्यात. म्हणून चालण्याचा वेळ आणि रांगेचा वेळ असे दोन चल वेगळे ठेवा.

इथेच आणखी दोन शब्द शिकून घेऊ. अंतर बदललं की चालण्याचा वेळ बदलतो. अंतर हा स्वतंत्र चल, आणि वेळ त्याच्यावर अवलंबून, म्हणून तो अवलंबी चल. एकावरून दुसऱ्याचं कारण सांगताना मात्र घाई करायची नाही. ‘लांबून पाणी आणणाऱ्या घरातल्या मुली शाळा बुडवतात’ असं दिसलं, तरी विचारा, पाणी हेच कारण आहे, की ती वस्ती शाळेपासूनही लांब आहे? दोन्ही रकाने असले तरच उत्तर देता येईल.

अजून एक महत्त्वाची गोष्ट, ओळ कोणाची? आपण एका ओळीत एक घर धरलं. पण हंडा घर उचलत नाही, माणूस उचलतो. घरामागे सहा खेपा लिहिल्या, त्यातल्या सासूच्या किती, सुनेच्या किती, बारा वर्षांच्या मुलीच्या किती, आणि घरातल्या पुरुषांच्या किती? हे हवं असेल तर ओळ घराची न ठेवता माणसाची ठेवावी लागते. आपल्या देशात २०१९ साली सरकारनं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात ते घराऐवजी माणसागणिक, मिनिटांत विचारलं. त्यात दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचे ९७. ‘काम करता का? हो की नाही’ या रकान्यात ही पाच तासांची राबणूक ‘नाही’ म्हणून लिहिली जाते. मिनिटांचा रकाना आखला तेव्हाच ती कागदावर आली.

शेवटची सूचना रिकाम्या चौकटीबद्दल. शून्य आणि रिकामं हे एक नाही. खेपा शून्य म्हणजे घरात पाणी आहे, बाहेर जावं लागत नाही. चौकट रिकामी म्हणजे घराला कुलूप होतं, किंवा विचारायचं राहिलं. रिकाम्या जागी नंतर कोणी शून्य भरलं, तर ऊसतोडीला गेलेलं घर कागदावर सुखी होऊन बसतं. म्हणून उत्तर नसेल तिथे ‘माहिती नाही’ असं स्पष्ट लिहा आणि का नाही तेही लिहा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. एका कागदावर पाच रकाने आखा. एक, मागच्या मे महिन्यात पाणी मुख्यतः कुठून आणलं. दोन, रोज किती लिटर, हंडा मापून. तीन, कोणी किती खेपा केल्या, माणसागणिक. चार, चालण्याची मिनिटं. पाच, रांगेची मिनिटं. प्रत्येक रकान्यावर लिहा, नाव, क्रम, गणती की माप. जिथे नाव आहे तिथे फक्त मोजदाद करा. जिथे क्रम आहे तिथे मधलं शोधा. जिथे गणती किंवा माप आहे तिथे सरासरी आणि मध्यक दोन्ही काढा. आधी गटातल्या दहा घरांवर करून पाहा, प्रश्न समजतात का ते कळेल. मग वस्तीत जा. मागचा मे कोणाला नीट आठवत नसेल, तर येत्या मे महिन्यात त्याच कागदानं रोजची नोंद ठेवा.

आणि ग्रामसभेत बोलायची वेळ आली की ‘पाण्याचा लई त्रास आहे हो’ एवढ्यावर थांबू नका. उभ्या राहा आणि सांगा, ‘आमच्या वस्तीत दहापैकी आठ घरांत नळ आहे. मे महिन्यात ५५ लिटर पाणी तीनच घरांना मिळालं. अर्ध्या घरांना माणशी २१ लिटरपेक्षा कमी मिळालं. आमच्या बायकांचा जास्त वेळ रांगेत जातो, म्हणून आम्हाला आणखी तोट्या हव्यात. हा ठराव लिहून घ्यावा.’ आकडे अर्थात तुमच्या वस्तीचे असतील. चार-पाच वाक्यंच आहेत ही, पण त्यांना उत्तर द्यायचं तर समोरच्याला वही उघडावी लागते.

कागद भरताना कुठे अडलं तर तुमच्या ग्रामसंघाच्या ताईला विचारा, किंवा केंद्रावर निरोप ठेवा. पुढच्या वेळी आलेल्या प्रश्नांवर बोलू. तोवर वही नीट ठेवा, स्वतःची काळजी घ्या. नमस्कार!